ऊन पाण्याच्या नळांचें पांघरूण

उष्ण देशांतील मनुष्यास घर थंड कसें राहील ही चिंता असते. थंड देशांतील मनुष्यास घराची ऊब घरांतच कशी टिकेल ही विवंचना असते. पुण्या-मुंबईहून इंग्लंडमध्यें जाऊन राहिलेल्या एखाद्या मराठी कुटुंबास या दुसऱ्या विवंचनेची ओळख पहिल्याच हिंवाळ्यांत होते. लंडन, लीड्स किंवा मँचेस्टर शहरांतील एखाद्या सव्वाशें वर्षांच्या जुन्या घरांत तें बिऱ्हाड करतें. घर विटांचें, भक्कम, शेजारच्या घरांशीं भिंतीला भिंत लावून एका ओळींत उभें असलेलें. स्वयंपाकघरांत बॉयलर असतो, प्रत्येक खोलींत रेडिएटर असतो, आणि त्यांना जोडणारे तांब्याचे नळ फळ्यांच्या जमिनीखालून, तळघरांतून व माळ्यावरून गेलेले असतात. बॉयलर दिवसभर घरघरत असतो. पण टोकाच्या खोलींतील रेडिएटर कोमट तो कोमटच. गॅसचें बिल हातीं पडतें, तेव्हां साहजिकच प्रश्न उभा राहतो कीं, एवढी उष्णता गेली तरी कोठें?

या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां पायांखालींच सांपडतें. जमिनीची एखादी फळी उचलून आंत दिवा धरला म्हणजे दिसतें, कीं ऊन पाण्याचा नळ उघडाच पडलेला आहे. त्याच्या खालीं गार माती आहे आणि भिंतीच्या तळाशीं ठेवलेल्या झरोक्यांतून बाहेरचा वारा त्याच्यावरून खेळतो आहे. बॉयलरनें तापविलेलें पाणी रेडिएटरपर्यंत पोंचण्यापूर्वींच आपली कांहीं उष्णता त्या मातीला व त्या वाऱ्याला देऊन टाकतें. खोलीसाठीं विकत घेतलेली ऊब अशा रीतीनें वाटेंतच खर्च होते.

हीं घरें मुळांत या नळांसाठीं बांधलेलीं नव्हतीं, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. इंग्लंडमधील सुमारें एक-पंचमांश घरें १९१९ पूर्वींचीं आहेत. त्या काळीं खोलीखोलींत कोळशाची शेगडी असे आणि तिचा धूर धुराड्यावाटे बाहेर जाई. जमिनीच्या फळ्या लाकडी तुळयांवर अधांतरीं बसविलेल्या असत व त्यांच्या खालीं मुद्दाम पोकळी ठेवलेली असे. त्या पोकळींत वारा खेळावा आणि लांकूड कोरडें राहावें, हा त्यांतील हेतु. पुढें १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर धूर व धुकें यांचें दाट आवरण पसरून हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर १९५६ सालीं हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, कोळशाच्या शेगड्या मागें पडत गेल्या, आणि उत्तर समुद्रांतील नैसर्गिक वायु सांपडल्यावर घरोघर गॅसचे बॉयलर आले. जुन्या घरांतून नळ टाकण्याचें काम ज्यांच्याकडे आलें त्यांनीं सर्वांत सोपी वाट धरली, आणि ती वाट म्हणजे जमिनीखालची पोकळी. जी पोकळी वारा खेळावा म्हणून राखली होती, तिच्यांतूनच ऊन पाण्याचे नळ गेले. आणि जळण स्वस्त असल्यामुळें त्यांस वेष्टन घालण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाहीं.

उघड्या नळांतून जाणारी उष्णता किती, याचा साधा हिशेब मांडतां येतो. बावीस मिलिमीटर जाडीचा तांब्याचा नळ घेतला, आंतील पाणी भोंवतालच्या हवेपेक्षां ५० अंश सेंटिग्रेडनें अधिक ऊन आहे असें धरलें, तर अशा नळाच्या दर मीटरमागें सुमारें ३५ वॅट उष्णता बाहेर जाते. वारा वाहत असेल तर याहूनही अधिक. जमिनीखालीं असा दहा मीटर नळ असेल व बॉयलर दिवसाकाठीं दहा तास चालत असेल, तर रोज साडेतीन युनिट उष्णता मातीला मिळते. त्याच नळावर १९ मिलिमीटर जाडीचें चांगलें वेष्टन चढविलें कीं, दर मीटरमागें जाणारी उष्णता अकरा-बारा वॅटवर येते. म्हणजे दोनतृतीयांश तोटा एकदम वांचतो. हिंवाळ्याचे सहा महिने धरले, तर एका घरापुरती ही बचत चारशें युनिटांच्या आसपास जाते. वेष्टन एकदां घालावयाचें आणि बचत मात्र दरवर्षीं व्हावयाची, असा हा व्यवहार आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वेष्टनाचा पहिला थर सर्वांत अधिक काम करतो. पुढच्या थरांचें फळ उतरत जातें. वरच्याच उदाहरणांत १३ मिलिमीटर जाडीच्या वेष्टनानें तोटा सुमारें तेरा वॅटवर येतो, आणि जाडी जवळजवळ दुप्पट म्हणजे २५ मिलिमीटर केली तरी तो दहा वॅटच्या थोडासाच खालीं उतरतो. म्हणून दहा मीटरांपैकीं पांच मीटर नळास भारी जाड वेष्टन घालून उरलेला नळ उघडा ठेवण्यापेक्षां सगळाच नळ बेताच्या वेष्टनानें झांकणें शहाणपणाचें होय.

वेष्टनानें उष्णता अडते ती कशामुळें? हें कोडें उलगडण्याचा मान काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाकडे बराचसा जातो. अमेरिकेंत जन्मलेला हा गृहस्थ बव्हेरियाच्या राजदरबारीं नोकरीस होता. सैनिकांना ऊबदार कपडा कोणता द्यावा, या विचारांतून त्यानें लोंकर, रेशीम, कापूस, पिसें इत्यादि पदार्थांत उष्णतामापक गुंडाळून तो किती वेळांत निवतो हें मोजलें. हे प्रयोग १७९२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा, कीं ऊब राखण्याचें श्रेय लोंकरीच्या तंतूंपेक्षां त्यांच्यामध्यें अडकून पडलेल्या हवेला अधिक आहे. हवा ही स्वतः अत्यंत मंदवाहक आहे. तांब्यांतून उष्णता जितक्या सहज वाहते, तिच्या मानानें स्तब्ध हवेंतून वाहण्याचें प्रमाण सुमारें पंधरा हजारांश भरेल. पण मोकळी हवा स्तब्ध राहत नाहीं हीच अडचण आहे. तापली कीं ती हलकी होऊन वर चढते, तिच्या जागीं गार हवा येते, आणि उष्णता वाहून नेण्याचा क्रम अखंड चालू राहतो. फोम, खनिज लोंकर, बुरणूस किंवा गोणपाट या सर्वांचें काम एकच, तें म्हणजे हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून तिची हालचाल बंद करणें. गोधडींत ऊब कां राहते आणि लाकडाच्या भुशांत पुरलेला बर्फ दिवसभर कां टिकतो, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर हेंच आहे.

या तत्त्वाचा यंत्रांतील उपयोग तर त्याहूनही जुना आहे. जेम्स वॅट यानें १७६९ सालीं आपल्या वाफेच्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांतच वाफेचें नळकांडें लाकडाच्या अगर उष्णता सावकाश वाहणाऱ्या दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या आवरणांत ठेवावें असें नमूद केलें होतें. नळांस वेष्टन घालण्याच्या कामास इंग्रजींत जें ‘लॅगिंग’ हें नांव आहे, तेंही पिंपाच्या लाकडी पट्टीच्या नांवावरूनच पडलें आहे.

आतां वेष्टन घालावें तें कोणत्या नळांस? घरांत दिसेल तो नळ झांकून टाकावा असा समज करून घेणें योग्य होणार नाहीं. बैठकीच्या खोलींतून भिंतीलगत गेलेला उघडा नळ आपली उष्णता त्याच खोलीला देतो. तेथें माणसें बसतात, ऊब त्यांनाच मिळते. तो नळ म्हणजे एक लहानसा रेडिएटरच होय. लहान मुलांचा हात भाजण्याचें भय असेल तेथें त्यास झांकणें निराळें. परंतु जो नळ तळघरांतून, जमिनीखालून, माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीच्या चरींतून जातो, त्याची ऊब कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं. तोच प्रथम झांकावयाचा. त्यांतही बॉयलरपासून ऊन पाण्याच्या टांकीकडे जाणारा नळ अग्रगण्य समजावा, कारण तो उन्हाळ्यांतही तापतो. सारांश, वेष्टन उष्णता निर्माण करीत नाहीं. ती कोठें द्यावी आणि कोठें देऊं नये, एवढाच निवाडा तें करतें.

मात्र फळी उचलून कामास लागण्यापूर्वीं जुन्या घराच्या मालकानें क्षणभर थांबावें, असा एक गंभीर धोका या विषयांत आहे. तळघरांतील एखादा जाड जुना नळ उघडा नसून त्याच्यावर पूर्वींचेंच वेष्टन असल्याचें आढळतें. तें करडें किंवा पांढुरकें, चुन्याच्या गिलाव्यासारखें, वरून कापड गुंडाळून रंग दिलेलें असें असूं शकतें. कोठें तें फुटलेलें असतें, कोठें त्याची भुकटी जमिनीवर पडलेली असते. हें वेष्टन ॲस्बेस्टॉसचें असण्याचा पुष्कळ संभव आहे. एकेकाळीं हा खनिज तंतु नळांच्या वेष्टनासाठीं आदर्श मानला जाई. तो जळत नाहीं, कुजत नाहीं, आणि मॅग्नेशियाच्या लगद्यांत मिसळून हवा तसा थापतां येतो. परंतु त्याचे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेले कीं तेथेंच रुतून बसतात, आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनीं असाध्य रोगाच्या रूपानें प्रकट होतात.

हा धोका कांहीं अलीकडेच कळून आलेला नाहीं. इंग्लंडमधील रॉचडेल गांवीं ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी नेली केर्शॉ ही बाई १९२४ सालीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं मरण पावली, आणि तिच्या फुफ्फुसांच्या तपासणीचा वृत्तांत त्याच वर्षीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. १९३१ सालीं कारखान्यांतील धुळीवर निर्बंध घालणारे नियम झाले. तरीही घरांत, जहाजांत व कारखान्यांत हा पदार्थ पुढें अनेक वर्षें वापरला गेला. ब्रिटनमध्यें त्याच्या निळ्या व तपकिरी जातींवर १९८५ सालीं बंदी आली, पांढऱ्या जातीवर तर १९९९ सालीं. म्हणून २००० सालापूर्वीं बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या कोणत्याही घरांत तो असूं शकतो, असें धरून चालणें हाच सुरक्षित मार्ग होय.

तो आहे कीं नाहीं हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं जाणत्या माणसाकडून नमुना घेववून प्रयोगशाळेंत तपासावा लागतो. निकाल येईपर्यंत त्या वेष्टनास हात लावूं नये. तें खरवडूं नये, कापूं नये, झाडूनें झाडूं नये. घरगुती व्हॅक्यूम यंत्रानें तर मुळींच ओढूं नये, कारण तंतु गाळणींतून पार होऊन साऱ्या घरांत पसरतात. असें वेष्टन काढण्याचें काम ब्रिटनच्या कायद्यानें परवानाधारक मंडळींकडेच सोपविलें आहे. तें अभंग व घट्ट असेल, तर न काढतां वरून बंद करून त्याच्यावर नजर ठेवणें हेंच पुष्कळदां इष्ट ठरतें. शिवाय पूर्वीं कोणी जुनें वेष्टन ओरबाडून काढलें असेल, तर नळ स्वच्छ दिसला तरी त्याची भुकटी खालच्या मातींत उरलेली असूं शकते. गॅसच्या बिलांतील थोडी बचत आणि श्वास यांची तुलना होऊंच शकत नाहीं.

ही शंका फिटल्यावर प्रत्यक्ष काम मात्र सोपें आहे. प्रथम बॉयलर बंद करून नळ निवूं द्यावे. नळ कोठें गळत तर नाहीं हें सांध्यांपाशीं बोट फिरवून पाहावें; वेष्टनाखालीं दडलेली गळती महिनोन्महिने कळत नाहीं आणि तेवढ्यांत खालची तुळई कुजते. मग नळ पुसून कोरडा करावा व त्याची जाडी मापावी. १९७० नंतरच्या दशकांतील व पुढील नळ बहुधा १५, २२ किंवा २८ मिलिमीटरचे असतात. त्यापूर्वींचे इंचाच्या मापाचे. फोमच्या पोकळ नळ्या बाजारांत मिळतात, त्यांना एका बाजूनें लांबट चीर असते. आंतील व्यास नळाशीं जुळणारा हवा. सैल नळी घातली तर मधल्या फटींतून हवा खेळते आणि श्रम फुकट जातात. चीर शक्यतो खालच्या बाजूस ठेवून तिचे कांठ चिकटपट्टीनें बंद करावे. जेथें नळ काटकोनांत वळतो तेथें दोन्ही तुकड्यांचीं टोकें पंचेचाळीस अंशांत तिरपीं कापून चौकटीच्या कोपऱ्याप्रमाणें जुळवावीं. दोन तुकड्यांमधील सांधा उघडा ठेवूं नये. व्हॉल्व्ह तर विसरूंच नये. एक उघडा व्हॉल्व्ह जवळजवळ मीटरभर नळाइतकी उष्णता वाया घालवितो. मात्र त्याचें आवरण काढतां-घालतां येण्याजोगें असावें, म्हणजे प्रसंगीं पाणी बंद करणें सोपें जाईल.

बॉयलरच्या अगदीं लगत व धुराच्या नळीजवळ साधा फोम वापरूं नये. अति उष्णतेनें तो मऊ पडतो. तेथें खनिज लोंकरीचें वेष्टन घालावें. जुन्या घरांत रात्रीं जमिनीखालून जो टक् टक् आवाज ऐकूं येतो, त्याचेंही कारण येथेंच कळतें. तांबें तापलें कीं वाढतें. दहा मीटर लांबीचा नळ ५० अंशांनीं तापला तर त्याची लांबी सुमारें साडेआठ मिलिमीटर वाढते, आणि तुळईच्या खांचेंत तो घट्ट बसला असेल तर अडखळत सरकतो. त्या खांचेंत बुरणुसाचा एक तुकडा घातला म्हणजे नळास सरकण्यास वाव मिळतो व घराची झोंपही मोडत नाहीं.

दोन चुका मात्र चांगलीं माणसेंही करतात. पहिली झरोक्यांसंबंधीं. वाऱ्यानें नळ गार होतो म्हणून कित्येक जण भिंतीच्या तळचे झरोकेच बुजवून टाकतात. त्यामुळें जमिनीखालील दमट हवा कोंडते, लांकडांतील ओल शेंकडा वीसच्या वर जाते आणि बुरशी तुळया पोखरूं लागते. पांघरूण नळास घालावयाचें आहे, घराचा श्वास कोंडावयाचा नाहीं. वेष्टनही कोरडेंच राहिलें पाहिजे. पाणी हें हवेपेक्षां वीसपटींहून अधिक उष्णतावाहक आहे. भिजलेली लोंकर नळास चिकटून राहिली तर ती रक्षक न राहतां चोराची सोबतीण होते.

दुसरी चूक माळ्यावरची. खोलीची ऊब छतांतून जाऊं नये म्हणून छतावर जाड थर पसरतात, तें योग्यच. पण त्यामुळें माळा पूर्वींपेक्षां अधिक गार होतो आणि तेथील पाण्याचे नळ गोठण्याचें भय वाढतें. पाण्याचा बर्फ होतांना त्याचें आकारमान शेंकडा सुमारें नऊ वाढतें. त्या दाबापुढें नळ टिकत नाहीं. १९६२-६३ च्या कडक हिंवाळ्यांत ब्रिटनमध्यें घरोघर असे नळ फुटले होते. वेष्टन घातल्यानें पाणी गोठण्यास विलंब लागतो, इतकेंच. पाणी वाहत नसेल व घर कित्येक दिवस बंद असेल, तर वेष्टनांतील पाणीही अखेर गोठतें. म्हणून थंडींत परगांवीं जाणाऱ्यानें बॉयलर मंद चालू तरी ठेवावा, नाहीं तर नळांतील पाणी काढून टाकावें. माळ्यावर थंड पाण्याची टांकी असेल, तर तिच्या बाजू व झांकण लपेटून खालची बाजू मोकळी ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तीही याचसाठीं. खोलींतून झिरपणारी थोडीशी ऊब टांकीस मिळत राहते.

हा सारा विचार दूरदेशींच्या बर्फाळ हवेपुरताच आहे असें कोणास वाटेल, पण तें खरें नव्हे. पुण्या-नाशकाकडे कित्येक घरांच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविण्याचीं यंत्रें बसविलेलीं आहेत. तेथून दोन-तीन मजले खालीं न्हाणीघरापर्यंत येणारा नळ उघडा असला, तर हिंवाळ्याच्या पहांटे ऊन पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावें लागतें. रात्रभर नळांत राहिलेलें पाणी तर वेष्टन असूनही निवणारच. पण सकाळीं एकामागून एक स्नानें होत असतां मधल्या खोळंब्यांत पाणी निवूं नये, आणि टांकीपासून निघालेली ऊब वाटेंत गळूं नये, एवढें काम वेष्टन चोख करतें. आपल्याकडील ऊन मात्र फोमला मानवत नाहीं. कांहीं वर्षांत तो ठिसूळ होऊन झडूं लागतो. म्हणून गच्चीवरील वेष्टनावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें किंवा तशाच एखाद्या टिकाऊ पदार्थाचें कवच असलें पाहिजे.

जुनें घर हें वृद्ध माणसासारखें असतें. त्याची प्रकृति न पाहतां केलेला उपचार अंगावर उलटतो, आणि प्रकृति ओळखून केलेली लहानशी सेवाही त्यास पुष्कळ दिवस पुरते. फळी उचलून पाहावें, जुन्या वेष्टनाची शंका आधीं फेडून घ्यावी, झरोके मोकळे ठेवावे, आणि मग नळास कोरडें, घट्ट, अखंड पांघरूण घालावें. एवढें झालें, कीं टोकाच्या खोलींतील कोमट रेडिएटरही हळूहळू ऊन होऊं लागतो. बॉयलर जास्त जळतो म्हणून नव्हे, तर त्यानें दिलेली ऊब आतां वाटेंत हरवत नाहीं म्हणून.